शिगेनोआजीच्या पाठीमागची अक्षरं

नागिउरा बंदरात माणूस सत्तरीकडे झुकला की दोन कामं उरकून घेई. एक, देवळामागे आपल्या कबरीचा दगड बघून ठेवणं आणि दुसरं, तोकिएकडे जाऊन फोटो काढून घेणं. हा फोटो जिवंतपणी कुणी लावत नसे. तो अंत्यविधीला फुलांच्या मधोमध ठेवायचा आणि मग घरच्या देव्हाऱ्यावर, वाडवडलांच्या रांगेत टांगायचा. म्हणजे एकदा काढला की पुढची पन्नास वर्षं नातवंडा-पतवंडांनी आपल्याला त्याच तोंडाने ओळखायचं. असलं काम कोणत्याही सोम्यागोम्यावर सोपवून चालत नाही.

तोकिए मिकामीचा स्टुडिओ बंदराच्या चढावर होता, बापाच्या वेळेपासूनचा. बाप तिवईवरच्या अवजड कॅमेऱ्याने फोटो काढी आणि माणसाच्या मागे फुजी पर्वत रंगवलेला पडदा सोडी. कोळी असो, भटजी असो, सगळ्यांच्या डोक्यामागे तोच फुजी. तोकिएला लहानपणापासून त्या पडद्याची चीड होती. सव्वीस वर्षांची असताना ती हिरोशिमाला फोटोचे कागद आणायला गेली आणि जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात एका लेन्सपाशी अडकली. पन्नास मिलिमीटरची, तोंड चहाच्या पेल्याएवढं रुंद, दिवेलागणीच्या उजेडातही चेहरा पकडील अशी. लग्नाच्या किमोनोसाठी आईने बाजूला ठेवलेले पैसे त्या लेन्समध्ये गेले. आईने बरेच दिवस अबोला धरला. नवरा तर पुढे कधी आलाच नाही, आणि तोकिएनेही त्याची वाट पाहिली नाही.

त्या लेन्सने तिचं नाव झालं. ती माणसाला स्टुडिओत बसवत नसे. जिथे त्याचं आयुष्य गेलं तिथे जाई: होडीवर, टोफूच्या दुकानात, जाळ्यांच्या ढिगाशी. लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, पूर्ण उघडं ठेवी. मग फिल्मवर डोळा असा येई की पापणीन् पापणी मोजावी, आणि कानापासून मागे सगळं विरघळून जाई. मासळीची खोकी, विजेच्या तारा, गंजलेले पत्रे, साऱ्याचे मऊ रंगीत थेंब होत. या धूसरपणाला तिकडे ‘बोके’ म्हणतात, आणि म्हातारपणी चळलेल्या माणसालाही तेच म्हणतात. त्यावरून बंदरावर विनोद चालत. पण फोटो हातात आला की बायका डोळे पुसत. “आमच्या घाणेरड्या अंगणाचा स्वर्ग केलास गं!” म्हणत.

या कॅमेऱ्याची एक गंमत होती. त्यात लेन्समधून बघायचं नसतं. बाजूला एक छोटी खिडकी असते, तिच्यात चेहऱ्याच्या दोन फिकट प्रतिमा दिसतात, त्या एकमेकींवर नीट बसवायच्या आणि बटण दाबायचं. त्या खिडकीत सगळं जग लख्ख दिसतं, पुढचं आणि मागचं सारखंच. धुकं उतरतं ते फक्त फिल्मवर. फोटो धुऊन येईतो ते काढणाऱ्यालाच ठाऊक.

आता शिगेनोआजीचं. ही बाई छोटे तारली मासे उकडून बंदराच्या दगडी पायऱ्यांवर वाळवायची. तिची आईही तेच करायची. जीभ अशी की वाळत घातलेल्या मासळीवर कावळा बसायला घाबरे. त्या सुमारास नगरपालिकेने बेत काढला होता की जुनं बंदर भराव घालून बुजवायचं, वर रुंद रस्ता करायचा आणि पर्यटकांच्या बससाठी वाहनतळ. पायऱ्या भरावाखाली जाणार होत्या. गावात दोन तट पडले. दुकानदारांना बस हव्या होत्या, कोळणींना पायऱ्या. कोळणींच्या तटात सगळ्यांत पुढे शिगेनो.

एका संध्याकाळी ती तोकिएला पायऱ्यांवर घेऊन गेली. पिशवीतून एक चादर काढली आणि मागच्या दोन खांबांना बांधली. पांढऱ्या चादरीवर हातभर लाल अक्षरं: ‘बंदर बुजवू नका. मेले तरी माझं उत्तर नाहीच!’

“आजी, अहो हा देव्हाऱ्यातला फोटो आहे,” तोकिए म्हणाली.

“म्हणूनच! माझ्या अंत्यविधीला नगराध्यक्ष येणार. न येऊन सांगतोय कुणाला? उदबत्ती लावून माझ्यापुढे कंबरेत वाकणार. मान वर केली की त्याला हे वाचायला लागलं पाहिजे. जिवंतपणी तो माझं ऐकत नाही, तेव्हा तरी ऐकेल.”

“बरं, बसा.”

“थांब, आधी मला बघू दे.” म्हातारीने कॅमेरा ओढून घेतला, तोकिएला पायरीवर बसवलं आणि खिडकीला डोळा लावला. “दिसतंय. अक्षरन् अक्षर दिसतंय. काढ आता.”

आणि ती अशी हसली, जणू नगराध्यक्ष समोर वाकलेलाच आहे.

तोकिएने ॲपर्चर बारीक करायला हवं होतं, म्हणजे मागची अक्षरंही स्पष्ट आली असती. बोटाने एक कडं फिरवायचं, एवढंच काम. पण तिला वाटलं, नगराध्यक्ष आज आहे, उद्या नाही. हा चेहरा मात्र भिंतीवर राहणार. त्यामागे घोषणा कसली? आणि खरं तर तिला तसं काही वाटायचीही गरज पडली नाही. सवयीने कडं उघडंच राहिलं.

फोटो बघून शिगेनो भडकली. चादर नाहीशी झाली होती. तिच्या डोक्यामागे पांढऱ्यावर लालसर गुलाबी ठिपके तरंगत होते, थेट चेरीचा बहर.

“हे काय आहे?”

“चेहरा बघा ना आजी. तुमचा इतका छान फोटो कुणी काढला नसेल.”

“चेहरा आहे माझ्याकडे, घरी आरसाही आहे. मी अक्षरं मागितली होती, तू फुलं दिलीस. फुलं तर लोक तशीही आणतील! बोके कोण झालंय गं, मी का तू?”

तोकिएने मासळीचा हंगाम संपला की परत काढून द्यायचं कबूल केलं. पण हंगाम संपायच्या आत, मासे उलटताना, शिगेनो पायऱ्यांवरच आडवी झाली ती उठली नाही. चादर कोळणींनी तिच्याबरोबर शवपेटीत ठेवली, ती तिच्यासंगे जळून गेली. फोटो एकच होता, तोच ठेवला. नगराध्यक्ष आला, उदबत्ती लावली, कंबरेत वाकला, मान वर केली, आणि शेजारच्याला म्हणाला, “काय प्रसन्न फोटो आहे! जशी काही बहरात बसलीय.”

तोकिएने ते ऐकलं. तिला वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं.

तीन वर्षं गेली. एके सकाळी तिच्या दाराच्या फटीतून नगरपालिकेचं गुळगुळीत माहितीपत्रक आत पडलं. तिने उचललं. पहिल्याच पानावर, पानभर, शिगेनो हसत होती. वर छापलं होतं: ‘नव्या बंदराकडे, सगळे एकदिलाने.’ आणि खाली बारीक अक्षरांत: ‘जुन्या पिढीचंही उद्याला हसतमुख स्वागत.’

तोकिएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक तिने पाहिले होते. पण मेलेल्याचं तोंड कापून त्याच्याच शत्रूच्या धडावर चिकटवणारे पहिल्यांदाच बघत होती. चहा तसाच ठेवून ती उठली आणि कामाचा ॲप्रनही न सोडता नगरपालिकेत गेली.

बंदर विकासाच्या टेबलाशी कुरामोतो होता. गावातलाच मुलगा, आता केस पिकायला लागलेला. तिला बघून उभा राहिला. “या मावशी, बसा. चहा घेणार?”

“चहा प्यायला नाही आले. हे काय आहे?”

“छान आलंय ना? तुमचं नाव मागच्या पानावर दिलंय हं, छायाचित्र मिकामी स्टुडिओ म्हणून.”

“माझं नाव घालून वर सांगतोस? ही बाई कशी मेली माहितेय तुला? या बंदरासाठी भांडून भांडून मेली. आणि तुम्ही तिला स्वागताला उभी केलीत?”

कुरामोतोने आवाज खाली केला. “मावशी, परवानगी रीतसर आहे. ओसाकाला त्यांचा पुतण्या असतो, त्यांनीच फोटो दिला. म्हणाले, काकू हसतेय, चांगल्या कामाला लागू दे.”

“त्या पुतण्याने तिला शेवटचं कधी पाहिलं होतं?”

“ते आमच्या अखत्यारीत येत नाही.”

“मग तुमच्या अखत्यारीत काय येतं? प्रेतं?”

कुरामोतो कानापर्यंत लाल झाला, पण तो वाईट माणूस नव्हता, आणि खोटंही बोलला नाही. तेच तिला जास्त लागलं. तो म्हणाला, “खरं सांगू? आम्ही खूप फोटो पाहिले. पण प्रत्येकात मागे काहीतरी असतंच. फुटके पत्रे, डबडी, नाहीतर त्या विरोधवाल्यांचे फलक. तुमच्या फोटोत मागचं काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून तर निवडला. चाळीस वर्षांचा तुमचा हात आहे, मावशी, उगीच नाही.”

त्याने हे कौतुक म्हणून सांगितलं होतं. तोकिएने माहितीपत्रक ॲप्रनच्या खिशात कोंबलं. मग ती वळली आणि निघून आली.

घरी येऊन तिने भिंतीवरचे आपले फोटो पाहिले. टोफूवाल्याच्या आजोबांच्या मागे कोणतं दुकान होतं? आठवेना. दीपगृहाच्या रखवालदारामागे तो निळा ठिपका म्हणजे दीपगृह, की बादली? तिने एकेका माणसाला किती मायेने जगातून सोडवून घेतलं होतं! आणि आता ज्यांना ते जग पुसायचं होतं ते तिच्याकडे येऊन म्हणत होते, मावशी, तुमचा हात काय छान आहे. संताप नगरपालिकेचा होता, पुतण्याचा होता, पण त्यातला थोडा तिचा स्वतःचाही होता.

तिने पुतण्याला फोन लावला. तो सभ्य होता. “काकू फोटोत किती आनंदी दिसते!” म्हणाला.

“ती नगराध्यक्षाला टोचून बोलायच्या खुशीत हसत होती,” तोकिए म्हणाली.

“असेलही. पण आता त्याचं काय?” आणि त्याने नम्रपणे फोन ठेवला.

रविवारी दुपारी सार्वजनिक सभागृहात भरावाविषयी माहिती द्यायची सभा होती. लोकांनी दाराशी चपला काढल्या, आतल्या सपाता घातल्या, खुर्च्यांवर बसले. तोकिए आत आली आणि दारातच थबकली. व्यासपीठावर, माणसाहून उंच, पुठ्ठ्यावर चिकटवलेली शिगेनो उभी होती. एवढा मोठा केल्यावरही डोळे स्पष्ट, आणि मागे तो बहर, भिंतभर.

नगराध्यक्षांचं स्वागत झालं, अभियंत्याने नकाशा दाखवला. कुरामोतो बोलायला उठला तशी तोकिएही उठली. सपाता फटफटत व्यासपीठावर चढली.

“मिकामी-सान, प्रश्नोत्तरं शेवटी आहेत,” सूत्रसंचालक म्हणाला.

“मला प्रश्न नाही विचारायचा. हा फोटो मी काढलाय. याच्या मागे काय होतं ते सांगायचंय.” तिला सभेत बोलायची सवय नव्हती. आवाज चिरकला, पण थांबला नाही. “ही फुलं नाहीत. ही अक्षरं आहेत. इथे, या गुलाबी डागात, लिहिलं होतं ‘बंदर बुजवू नका’. आणि इथे, कानाशी, ‘मेले तरी माझं उत्तर नाहीच’. तिने मला मुद्दाम तिथे बसून फोटो काढायला लावला, आणि मी तिचं म्हणणं धुक्यात घातलं. ती माझी चूक. पण तुम्ही त्या धुक्यावर तिचं ‘हो’ छापलंत, ही चूक नव्हे. ही लबाडी आहे!”

सभागृहात कुजबूज उठली. कोळी संघाचा प्रमुख भरावाच्या बाजूचा होता, तो खुर्चीतूनच ओरडला, “मेलेल्या बाईला मध्ये कशाला आणता?”

“मी आणली? मी?” तोकिए गरकन वळली. “तिला इथे हत्तीएवढी करून मी उभी केली?”

मागून कुणी हसलं. सूत्रसंचालक चाचरत म्हणाला, “पण असं काही लिहिलेलं होतं याला पुरावा...”

“पुरावा?” तिसऱ्या रांगेतून टोफूवाल्याची बायको हारुए उभी राहिली. “ती चादर माझी होती! माझ्या रुखवतातली, चांगली जाड सुती. शिगेनोताई म्हणाली उसनी दे, आणि लाल रंगाने बरबटून ठेवली. मी भांडले तर म्हणते, मेल्यावर परत करीन. केली का परत? घेऊन गेली सोबत! त्याच्यावर काय लिहिलं होतं ते मला विचारताय? माझ्याच ओट्यावर रंगवली ती! ओटा धुऊन धुऊन थकले, डाग निघाले नाहीत!”

मग एकेक कोळीण उठली. कुणी रंग कालवला होता, कुणी अक्षरं आखून दिली होती. बायका ते शब्द म्हणायला लागल्या, आधी वेगवेगळ्या आणि मग एका आवाजात. दुकानदार “बसा, बसा” म्हणून ओरडत होते. नगराध्यक्ष समोरच्या रांगेत हातातली पेन्सिल बघत बसला होता.

तोकिएने पुठ्ठ्याला हात घातला. एकटीला उचलेना. हारुए वर आली, आणखी दोघी आल्या. चौघींनी शिगेनोला आडवी करून उचललं आणि सभेतून बाहेर नेलं, कुणाला अडवायचं सुचण्याच्या आत. भर दुपारी, सपाता पायात तशाच, चौघीजणी तो चेहरा घेऊन चढ चढत होत्या. समोरून सायकलवर येणारा भाजीवाला उतरला आणि त्याने टोपी काढून मान झुकवली. त्याला वाटलं, कुणाची तरी शेवटची यात्रा आहे.

पुठ्ठा तोकिएच्या दारातून आत जाईना. म्हणून बाहेरच भिंतीला टेकवला. तिने आतून लाल रंगाचा डबा आणि रुंद कुंचला आणला. आयुष्यभर तिने काढलेल्या फोटोवर कधी रेघ मारली नव्हती; एखाद्याने चामखीळ घालवायला सांगितलं तर त्याला दुसऱ्या स्टुडिओत पाठवत असे. आता ती स्टुलावर चढली आणि त्या बहरावर, जिथे जे होतं तिथे, हातभर अक्षरं लिहीत गेली. रंग ओघळला. हारुए खालून सांगत होती, “‘नाही’ मोठं काढ. तिचं मोठं होतं.”

दिवे लागायच्या आधी कुरामोतो आला. “मावशी, ती नगरपालिकेची मालमत्ता आहे.”

“घेऊन जा की. पण अशीच न्यायची, पुसायची नाही. भर रस्त्यातून.”

त्याने फोटोवरची अक्षरं वरपासून खालपर्यंत वाचली. मग हात न लावता उतारावरून निघून गेला.

फोटो मागे घेतला गेला. नगरपालिकेचं पत्रकही निघालं. त्यात ‘काही नागरिकांचा गैरसमज झाल्याबद्दल’ दिलगिरी होती. गैरसमज! तोकिए ते वाचून इतकी उसळली की तिने पत्रक तिथल्या तिथे चुलीत घातलं. नव्या माहितीपत्रकावर फुगा धरलेलं एक मूल आलं. त्या मुलाला कुणी ओळखत नव्हतं, आणि मुलाला नागिउरा ठाऊक नव्हतं. त्याच्याही मागे सगळं धूसर होतं.

भरावाचं काम दोन वर्षांनी सुरू झालं. अर्धं बंदर गेलं. कज्जेखटल्यांना कंटाळून नगरपालिकेच्या लोकांनी उरलेलं अर्धं तसंच सोडलं, विचारल्यावर ‘फेरविचार’ म्हणत राहिले. वाहनतळावर उन्हाळ्यात चार बस येतात, बाकी वेळ समुद्रपक्षी. शिगेनोच्या पायऱ्यांपैकी वरच्या तेवढ्या दिसतात. तिकडून ट्रक गेला की तोकिए अजूनही दार आपटून बंद करते. लोक म्हणतात, आता झालं ते झालं, सोड. ती म्हणते, “तुम्ही सोडा. तुमच्याकडून नेलं नव्हतं काही.”

एक मात्र बदललं. हौशी फोटोवाल्यांच्या मंडळात एक निवृत्त दंतवैद्य आहे, लेन्स जमवून काचेच्या कपाटात ठेवणारा. त्याने तिला असली लेन्स भोक बारीक करून, मागचंही सगळं स्पष्ट येईल अशी वापरताना पाहिलं आणि कळवळला. “मिकामी-सान, एवढ्या उघड्या तोंडाची लेन्स, आणि तुम्ही कडं अकराच्या आकड्यावर नेऊन ते तोंड एवढंसं करता? ताजा ट्यूना आणून उकडून खाण्यासारखं आहे हे!”

“माझा ट्यूना आहे,” ती म्हणाली. “मी त्याची भजी करीन.”

पण ती नेहमी बंद करते असंही नाही. आता ती आधी विचारते. परवा टोफूवाला गेन्पेई, हारुएचा नवरा, आपला फोटो काढून घ्यायला दुकानासमोर स्टुलावर बसला. नवा सदरा, केस पाण्याने चापलेले. तोकिएने खिडकीला डोळा लावला, चेहऱ्याच्या दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसवल्या आणि थांबली.

“गेन्पेई-सान, मागचं ठेवायचं की घालवायचं?”

“मागे काय आहे?”

“दुकान. टोफूचं टाकं. आणि हारुए उभी आहे, कंबरेवर हात ठेवून.”

“मग घालव,” गेन्पेई म्हणाला.

“घालवून तर बघ!” मागून आवाज आला.

तोकिएने कडं अकरावर आणलं. “हसू नका,” ती म्हणाली, “नाहीतर उद्या कुणीतरी तुमच्याकडूनही स्वागत करवून घेईल.” आणि बटण दाबलं.